हेमाताईंचा राखीव तुकडा

हेमाताईंच्या फ्रीजरमध्ये प्लास्टिकचे छोटे डबे ओळीने ठेवलेले असत. प्रत्येक डब्यात केकचा एक तुकडा, दोन बोटांएवढा, आणि झाकणावर चिकटवलेल्या कागदावर तारीख, केकचा क्रमांक आणि त्यांची सही. केक कुणाचाही असो, गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी त्यातला एवढा भाग त्या कापून ठेवत. वर नारळाचं क्रीम लावून जागा बुजवून टाकत. पंधरा दिवसांनी तुकडा बाहेर यायचा आणि नवीन डबा आत जायचा.

"हे कशाला?" असं मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी प्रयोगशाळेत काम करते याचीच मला लाज वाटली.

"राखीव नमुना नको?" त्या म्हणाल्या. "उद्या कोण बोललं, तुमच्या केकने पोट बिघडलं, तर तू काय दाखवशील? तोंड?"

हेमाताई मूळच्या शिरगावच्या. किल्ल्याच्या मागे त्यांच्या माहेरची वाडी, नारळ आणि केळी. लग्नानंतर चार वर्षांत नवरा गेला, मूल नव्हतं. त्या बोईसरला आल्या, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रंगासाठी लागणारी रसायनं बनवणाऱ्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत लागल्या, आणि तिथेच सत्तावीस वर्षं राहिल्या. मी जळगावहून नोकरीला आले तेव्हा त्यांच्या हाताखाली पडले. पुढे त्यांच्याच इमारतीत, त्यांच्या समोरचं दार भाड्याने घेतलं.

ठेंगणा बांधा, पिना लावलेली सुती साडी, त्यावर पांढरा कोट, गळ्यात दोरीला लटकणारा चष्मा. उजव्या अंगठ्यावर आम्लाने भाजल्याचा गुळगुळीत डाग. कामावर त्या शुद्ध बोलायचा प्रयत्न करत, पण राग आला की शिरगाव बाहेर पडे. त्यांना कशालाच 'छान' म्हणता येत नसे. उत्तम गोष्टीला 'चालेल' आणि उरलेल्या जगाला 'नाय चालणार'. स्वयंपाकातसुद्धा वजनकाटा. चिमूटभर मीठ घाला, असं मी एकदा बोलले, तर म्हणाल्या, "कुणाची चिमूट? तुझी की माझी?"

माझ्या नोकरीच्या पहिल्याच महिन्यातली गोष्ट. दुपारी चारचा सुमार. गेटवर टँकर भरून उभा आणि मालाचा अहवाल हेमाताईंच्या टेबलावर. ओलाव्याचा आकडा मर्यादेपेक्षा जरासा वर आला होता, अगदी जरासा. माल पाठवण्याचं काम बघणारे साहेब स्वतः वर आले. आधी गोड बोलले, मग घड्याळ दाखवलं, मग आवाज चढला. हेमाताईंनी पुन्हा चाचणी केली. आकडा तोच. त्यांनी पेनचं टोपण लावलं आणि पेन कोटाच्या खिशात ठेवलं.

"मॅडम, तुमच्या एका सहीसाठी अख्खा टँकर अडलाय."

"म्हणून तर नाय करत," त्या म्हणाल्या.

साहेब दार आपटून गेले. मी भिंतीला चिकटून उभी होते. हेमाताईंनी काचेच्या नळ्या धुवायला घेतल्या तेव्हा मला दिसलं, एकच नळी त्या पुन्हा पुन्हा धूत होत्या. त्या घाबरत नसत असं नाही. घाबरून झाल्यावरही त्यांचं उत्तर तेच राही.

केकचं वेड त्यांना लागलं ते दिनेशमुळे. दिनेश आमच्याकडे शिफ्टवर ऑपरेटर होता, गोरखपूरकडचा, राहायला सालवडला. त्याची मुलगी अंशू तेव्हा चार वर्षांची होती. तिला दूध चालत नसे, अंडं चालत नसे. तूप लागलेली पोळी खाल्ली तरी अंगावर गांधी उठत, ओठ सुजत. एकदा कँटीनमध्ये कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक कापला जात असताना दिनेश सहज म्हणाला, "मॅडम, मेरी बेटी केक की फोटो काटके दीवार पे चिपकाती है. खा नहीं सकती ना."

हेमाताईंनी हातातला तुकडा तसाच बशीत ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "अंड्याचं केकमध्ये नेमकं काम काय?"

पुढचे पाच महिने त्या घरी गेल्या की ओव्हनसमोर बसत. केळं कुस्करून घातलं, केक जड झाला. जवस घातलं, चिकट झाला. दह्याऐवजी नारळाचं दूध नासवून बघितलं. सगळे प्रयोग मी खाल्ले. कधी तो भुसा होऊन हातात यायचा, कधी टाळूला चिकटायचा. प्रत्येकाला क्रमांक होता आणि प्रत्येकापुढे त्यांनी एकच शब्द लिहिला होता, 'नाय'.

शेवाळाची कल्पना त्यांना प्रयोगशाळेतच सुचली. जंतू वाढवून बघण्यासाठी आम्ही काचेच्या बशीत जे थलथलीत द्रव्य ओतायचो, ते समुद्री शेवाळापासूनच येतं. चायना ग्रास म्हणून आपण पुडिंगला वापरतो तेही तेच. हेमाताई ती बशी हलवत बघत बसल्या होत्या.

"हे पाणी धरून ठेवतंय," त्या म्हणाल्या. "केकलाही तेच पायजे. पाणी धरायला कुणीतरी."

त्यांनी रामेश्वरकडच्या एका माणसाकडून वाळवलेलं तांबडं शेवाळ मागवलं. पार्सल उघडलं तेव्हा आमच्या मजल्यावर खाडीचा वास पसरला. मिठाने खरखरीत झालेल्या, गुंतलेल्या दोऱ्यांसारखं ते दिसत होतं. तीन पाण्यांत धुवायचं, लिंबाच्या पाण्यात भिजत घालायचं, पुन्हा धुवायचं, मग मिक्सरमधून काढायचं. पांढरट, बुळबुळीत खळ तयार होई. समुद्राचा सगळा वास गेला की नाही हे त्या डोळे मिटून, बशी नाकाशी धरून ठरवत. जरा जरी वशाट वाटलं की सगळं पुन्हा धुवायचं.

त्यांचा धाकटा भाऊ सुधाकर वाडीतले नारळ आणि केळी घेऊन दर रविवारी येई. त्याने ती खळ बघितली आणि तो खो खो हसला. "ताई, आमी हे माडाच्या बुडात टाकतो. तू लोकांच्या तोंडात टाकणार?"

"माड कसा वाढतो तुझा?"

"चांगला वाढतो."

"मग गप बस."

केक भाजताना त्या ओव्हनपाशी कान लावून बसत. आतून बारीक चुरचुर ऐकू येते, ती थांबली की केक झाला, असं त्यांचं म्हणणं. त्या दिवशी चुरचुर थांबली, त्यांनी केक बाहेर काढला, निवू दिला, कापला. सुरी स्वच्छ बाहेर आली. तुकडा हातात उभा राहिला, दाबला तर परत वर आला. त्यांनी सावकाश चावून खाल्ला. मग वहीत लिहिलं, 'चालेल'.

अंशूने पाचव्या वाढदिवसाला आयुष्यातला पहिला केक खाल्ला. चॉकलेटचा. तिच्या आईचं नाव पूनम. दिनेश सांगत होता, पूनम केक सोडून मुलीकडेच बघत बसली होती.

त्यानंतर वर्षभरात आमची कंपनी बंद पडली. मला दुसरीकडे नोकरी मिळाली. हेमाताईंना त्या वयात कुणी घेतलं नाही, आणि त्यांनी केक विकायला सुरुवात केली. चॉकलेट केक, चिकूचं मूस, शहाळ्याची जेली, केळ्याचा ब्रेड. दूध नाही, अंडं नाही, लोणी नाही. डब्यावर सगळे घटक मराठीत आणि हिंदीत लिहिलेले, त्यात ठळक अक्षरांत 'समुद्री शेवाळ'. लोक वाचून दचकत, मग खात, मग पुन्हा मागवत. जैन कुटुंबं, उपचार चालू असलेले पेशंट, दूध न पचणारी मुलं. बोईसरमध्ये त्यांना 'शेवाळवाल्या बाई' म्हणू लागले.

केळव्याच्या बाजूला रिसॉर्ट चालवणारा एक तरुण मालक त्यांच्याकडे आला होता. दर शनिवार-रविवारी केक आणि जेली पायजे, मोठी ऑर्डर. अट एकच, पाटीवर 'इथल्याच किनाऱ्याचं शेवाळ' असं लिहायचं.

"ते रामेश्वरकडचं हाय," हेमाताई म्हणाल्या.

"पाहुण्यांना काय कळतंय, काकी? समुद्र समोर दिसतोय. तेवढंच छान वाटतं."

"इथलं मी तपासून घेतलंय. दरवेळी घाणीचा आकडा वेगळा येतो. मला भरवसा नाय. जे घालत नाय ते लिहीत नाय."

तो हसत हसत उठला आणि परत आला नाही. मला वाईट वाटलं. त्यांनाही वाटलं असणार, कारण संध्याकाळी त्यांनी तीन पाण्यांत धुतलेलं शेवाळ चौथ्यांदा धुतलं.

आता त्या शुक्रवारविषयी सांगायला हवं. मी ते बरेच दिवस टाळत आले आहे.

अंशूचा सातवा वाढदिवस होता. केक संध्याकाळी पाचला न्यायचा होता. शुक्रवारी आमच्याकडे कारखान्यांना सुट्टी असते आणि दुरुस्तीसाठी वीजही बऱ्याचदा जाते. त्या दिवशी सकाळी गेली ती दीड वाजता आली. हेमाताईंचं सगळं वेळापत्रक कोसळलं. त्यात चॉकलेट कमी पडलं. मला सुट्टी होती, म्हणून मी स्टेशनजवळच्या दुकानात धावले. नेहमीचं चॉकलेट नव्हतं. दुकानदाराने दुसरं दिलं, म्हणाला, माल एकच आहे, फक्त कागद वेगळा. मी वेष्टनावरची यादी वाचली. कोको, साखर, पुढे एकदोन नावं. दूध नव्हतं. घेऊन आले.

एरवी वेष्टनावरचं प्रत्येक अक्षर हेमाताई स्वतः वाचत. त्या दिवशी त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत शेवाळाच्या खळीत होते आणि चष्मा छातीवर लटकत होता.

"वाचलंस?" त्यांनी विचारलं.

"वाचलं."

"दूध?"

"नाही."

"ओत."

मी ओतलं. नंतर हात धुऊन त्यांनी केकच्या कार्डावर सही केली, तुकडा कापला, डब्यात ठेवला. पावणेपाचला दिनेश केक घेऊन गेला.

साडेसहाला त्याचा फोन आला. मला फक्त हेमाताईंचं बोलणं ऐकू येत होतं. "श्वास? श्वास कसा हाय?" आणि मग, "मी येते."

आम्ही रिक्षाने दवाखान्यात पोहोचलो तेव्हा अंशूला आत नेलेलं होतं. काचेतून एक क्षण दिसली. फुग्यासारखा सुजलेला चेहरा, डोळ्यांच्या जागी दोन फटी, तोंडावर मास्क. वाढदिवसाचा गुलाबी फ्रॉक पुढून कात्रीने कापलेला. पूनम भिंतीशी खाली बसली होती. दिनेशची आई गावाहून आली होती, ती मोठमोठ्याने ओरडत होती. ओरडणं आधी हेमाताईंवर होतं. "समंदर का कचरा खिला दिया बच्ची को!" मग ती सुनेकडे वळली. "और तू! मन्नत का पेड़ा रखा था घर में. तूने चटाया होगा. माँ है कि क्या है?"

"नहीं चटाया, अम्मा," पूनम म्हणाली. ती हे आधीही बऱ्याचदा म्हणाली असावी, कारण तिच्या आवाजात काहीच उरलं नव्हतं.

डॉक्टर बाहेर आले. मुलीने काय काय खाल्लं ते विचारू लागले. हेमाताईंनी पर्समधून कार्ड काढून त्यांच्या हातात दिलं. घटक, वजन, वेळ, सही. डॉक्टरांनी वाचलं आणि एका ओळीवर थांबले.

"समुद्री शेवाळ?"

"हो. दोन वर्षं खातेय ती. याआधी कधी झालं नाय."

"असू शकतं यामुळे. आत्ता सांगता येणार नाही." ते घाईने आत गेले.

तेवढं वाक्य पुरलं. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते बोईसरभर फिरलं होतं. मोबाईलवर अंशूच्या सुजलेल्या चेहऱ्याचा फोटो आणि खाली, शेवाळाच्या केकपासून सावध. दुपारपर्यंत हेमाताईंच्या सगळ्या ऑर्डरी रद्द झाल्या. रविवारी सकाळी त्यांच्या दारात कुणीतरी किनाऱ्यावरच्या ओल्या शेवाळाचा ढीग आणून टाकला होता. त्यात चपलेचा तुकडा होता, बाटलीचं बूच होतं. हेमाताईंनी सुपलीने ते भरलं आणि जिना पाण्याने धुतला.

शनिवारीच अंशूचा धोका टळल्याचं कळलं होतं. ती बातमी मिळाली तेव्हा हेमाताई खुर्चीवर बसल्या. त्यानंतर त्यांनी फ्रीजर उघडला. राखीव तुकड्याचे दोन भाग केले. एक परत ठेवला, एक बर्फात बांधून मुंबईच्या एका प्रयोगशाळेत स्वतः नेऊन दिला. दुधाचा अंश आहे का ते बघायला सांगितलं. अहवाल बुधवारी मिळणार होता.

रविवारी दुपारी सुधाकर आला. त्याने नारळाचं पोतं खाली ठेवलंच नाही.

"ताई, तो उरलेला तुकडा टाकून दे. आणि मुंबईला फोन कर, नको म्हणून सांग."

"का?"

"अगो, लोक शेवाळाचं नाव घेतायत. घेऊ दे. शेवाळाला कोण तुरुंगात टाकतंय? तू बोल, मला ठाऊक नव्हतं, आता बंद केलं. संपलं. पण दूध निघालं तर तुझ्यावर केस होईल. या वयात पोलीस ठाण्यात जाऊन बसशील?"

"आणि पूनम?"

"कोण पूनम?"

"पोरीची आई. तिची सासू बोलते, तिनेच पेढा चारला."

सुधाकरने कपाळावर हात मारला. "त्यांचं घर ते बघतील! तू तुझं बघ ना!"

"मी माझंच बघते, सुधा," त्या म्हणाल्या.

तो पोतं तिथेच टाकून निघून गेला. मी माझ्या दारात उभी होते. सकाळीच मी आमच्या दोघींचा सुका कचरा खाली नेताना ते चॉकलेटचं वेष्टन उघडून पुन्हा वाचलं होतं. घटकांच्या यादीखाली, जिथे कागद चिकटवून दुमडलेला असतो तिथे, मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ होती. हे जिथे तयार होतं तिथे दुधाचे पदार्थही तयार होतात. मी ती ओळ वाचली आणि वेष्टन परत पिशवीत टाकलं. हेमाताईंना सांगितलं नाही. सोमवारी सांगायचं ठरवलं, सोमवारी नाही जमलं. मंगळवारी कामावरून येताना पक्कं ठरवलं आणि त्यांच्या दारावरून सरळ माझ्या दारात गेले.

बुधवारी अकरा वाजता त्यांनी मला हाक मारली. अहवाल मोबाईलवर आला होता. मोबाईल टेबलावर, चष्मा डोळ्यांवर.

"दूध हाय," त्या म्हणाल्या. "थोडं नाय, बरंच हाय."

मला रडू फुटलं. मी सगळं एका दमात सांगितलं. दुकानदार, दुमडलेला कागद, ती ओळ, माझं गप्प राहणं. त्या ऐकत राहिल्या. मग त्यांनी ओट्यावरच्या वहीतून एक सपाट केलेला कागद काढला. तेच वेष्टन.

"शनिवारी सकाळी मी बघितलं," त्या म्हणाल्या. "मुंबईला जायच्या आधी. मग परत कचऱ्यात ठेवलं. रविवारी तू पिशवी खाली ठेवून आलीस, मग पुन्हा काढून घेतलं."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं? तरी नमुना दिलात?"

"ठाऊक नव्हतं. अंदाज होता. अंदाजावर पूनमची सासू पण बोलतेच हाय."

"पण मला का नाही विचारलंत?"

"तू आपणहून बोलशील म्हणून थांबले होते, बाय."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. मी म्हणाले, मी दिनेशला सांगते, चूक माझी आहे. त्यांनी मान हलवली.

"कार्डावर सही कुणाची? तुझा शब्द घेऊन मी सही केली. वाचायचं काम माझं होतं. चल, साडी बदलते."

सालवडला दिनेशची खोली चाळीच्या टोकाला होती. दुपारचे दोन वाजले होते, शेजारणी उंबऱ्यावर बसल्या होत्या. आम्हाला बघून त्या उठून उभ्या राहिल्या. कुणीतरी म्हणालं, "यही है." अंशू आत खाटेवर झोपली होती, चेहरा पुष्कळसा उतरला होता. दिनेशची आई दारातच आडवी बसली. पूनम मागे, स्टोव्हपाशी.

हेमाताईंनी चप्पल काढली नाही, आत गेल्या नाहीत. उंबऱ्याबाहेर उभ्या राहून, शेजारणींनाही ऐकू जाईल अशा आवाजात त्यांच्या मोडक्या हिंदीत बोलल्या.

"केक की जाँच हुई. उसमें दूध मिला. चॉकलेट से आया. मैंने कागज ठीक से पढ़ा नहीं. शेवाळ का दोष नहीं. पूनम का दोष नहीं. पेढ़ा किसी ने नहीं दिया. गलती मेरी है."

मी पुढे झाले. "चॉकलेट मैं लाई थी."

"सही मेरी है," हेमाताई मागे न बघता म्हणाल्या आणि अहवालाचा छापील कागद पुढे केला.

म्हातारीने तो घेतला नाही. पूनम उठून आली, तिने घेतला. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं. तिने कागद दोन्ही हातांनी धरून विचारलं, "आंटी, इसमें लिखा है कि मैंने नहीं खिलाया?"

"हाँ."

"पक्का लिखा है?"

"पक्का."

पूनमने तो कागद सासूच्या मांडीवर ठेवला. पाच दिवसांत ती रडली होती की नाही मला ठाऊक नाही, पण त्या वेळी तिच्या तोंडातून जो आवाज निघाला तो ऐकून शेजारणी आपापल्या घरात गेल्या. दिनेश कोपऱ्यातून उठून तिच्याकडे आला, तर तिने त्याचा हात झटकला. मग डोळे पुसून ती हेमाताईंकडे वळली.

"अब आप जाइए," ती म्हणाली. "हमारे यहाँ मत आना."

"हाँ," हेमाताई म्हणाल्या.

दिनेश आम्हाला रस्त्यापर्यंत सोडायला आला. वाटेत एकदाच बोलला. "मैडम, पुलिस में नहीं जाऊँगा." हेमाताई म्हणाल्या, "तुला जायचं तर जा. मी घरीच हाय." तो गेला नाही.

घरी येऊन त्यांनी आपल्या सगळ्या गिऱ्हाइकांना स्वतःच्या हाताने लिहिलेल्या कागदाचा फोटो पाठवला. घडलं ते सगळं, अहवालासह. शेवटी, यापुढे मी केक विकणार नाही. पुष्कळांनी शिव्या दिल्या. दोघांतिघांनी, इतकं सांगायची गरज नव्हती, असं लिहिलं. सुधाकर चार महिने आला नाही, नारळ मात्र रिक्षावाल्याबरोबर पाठवत राहिला. ओव्हनवर हेमाताईंनी चादर टाकली. त्या शिकवण्या घेऊ लागल्या, दहावीच्या मुलांना विज्ञान. संध्याकाळी मी चहाला जाई. त्या प्रसंगाविषयी आम्ही पुन्हा बोललो नाही. माझ्यावरचा त्यांचा विश्वास कमी झाला का, हे मी कधी विचारू शकले नाही. पण बाजारातून मी काही आणलं की त्या ते माझ्यासमोरच, शांतपणे, शेवटच्या अक्षरापर्यंत वाचत.

पुढच्या वर्षी अंशूच्या वाढदिवसाच्या चार दिवस आधी पूनम आमच्या जिन्यात उभी दिसली. एकटी. तिला घर ठाऊक नव्हतं, खालून विचारत आली होती. ती आत आली, पाणी प्याली आणि म्हणाली, "आंटी, केक बनाना है. मेरे घर में. मेरे सामने."

हेमाताई म्हणाल्या, "मी सोडलं ते."

"मुझे मालूम है. लेकिन वो अब कुछ नहीं खाती. चावल, नमक, आलू. किसी के घर पानी नहीं पीती. डरती है. सात साल में इतना नहीं डरती थी."

हेमाताईंनी ओव्हनवरची चादर सारखी केली. मग म्हणाल्या, "सामान तू आण. मी हात लावणार नाय, नुसतं सांगेन."

त्यानंतर दीड महिन्याने हेमाताई गेल्या. शिरगावला भावाकडे गेल्या होत्या, सकाळी वाडीत फिरताना बसल्या आणि उठल्या नाहीत. मी तेव्हा जळगावला होते, मला पोहोचता आलं नाही. मधे आम्ही रोज चहाला भेटलो, तरी माझ्या मनात त्या उरल्या आहेत त्या सालवडच्या त्या खोलीतल्याच.

केक पूनमने केला. कुकरमध्ये, वाळूवर. शेवाळ तिने स्वतः तीन पाण्यांत धुतलं. हेमाताई पाटावर बसून वजनं सांगत होत्या. सासू दाराशी बसून सगळं बघत होती. केक निवला, कापला. पूनमने आधी स्वतः खाल्ला, मग सासूने हात पुढे करून एक तुकडा घेतला. अंशू खाटेच्या कडेला बसली होती, ओठ घट्ट मिटून.

"नहीं खाना," ती म्हणाली.

"मत खाओ," हेमाताई लगेच म्हणाल्या. "किसी ने बोला नहीं खाने को."

त्यांनी बशी जमिनीवर ठेवली, पोरीपासून हातभर दूर, आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून बसल्या. पूनम काही बोलणार होती, त्यांनी हाताने थांबवलं. आम्हालाही खुणेने सांगितलं, तिच्याकडे बघू नका. आम्ही सगळे कुठेतरी दुसरीकडे बघत बसलो. बाहेर नळावर भांडी वाजत होती. पाच मिनिटं गेली असतील, दहा गेली असतील. मला राहवेना. पोरीकडे बघायचं नाही, म्हणून मी हेमाताईंच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. भिंतीवर नजर, जबडा आवळलेला, मांडीवर दोन्ही हात एकमेकांत घट्ट.

मागे बशी जमिनीवर जराशी सरकली.

हेमाताईंनी वळून बघितलं नाही. फक्त त्यांचे डोळे हळूहळू मिटले, आणि त्या तशाच, भिंतीकडे तोंड करून, कान देऊन बसून राहिल्या.